होसवाडीच्या रस्त्याची बर्फातली परीक्षा

मी रस्ते बांधले असं आमच्याकडची मंडळी पाहुण्यांना सांगतात, तेव्हा मी गप्प बसते. रस्ते बांधणारे वेगळे असायचे. मी ते फोडून बघायचे.

सोलापुरातल्या एका कंत्राटदाराच्या कंपनीत मी मटेरियल टेस्टिंगला होते. म्हणजे रस्त्यात जे जे घालायचं, माती, खडी, सिमेंट, त्याचे नारळाएवढे नमुने करायचे, ठरलेले दिवस मुरवायचे, मग मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहून खाली सही करायची. लॅब म्हणजे साइटवरची पत्र्याची खोली. मे महिन्यात तिथं नमुना आधी फुटेल की मी, अशी परिस्थिती असायची.

घरी आम्ही तेलुगू बोलायचो, कारण वडील सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू वस्तीतले विणकर. शाळा मराठी. साइटवर दखनी, अक्कलकोटकडं गेलं की कन्नड. आणि अहवाल ज्या मराठीत लिहायचा, ती यांपैकी कुणाचीच भाषा नव्हती. त्या भाषेत रस्ता 'खचला' असं लिहीत नाहीत. 'पृष्ठभागाची पातळी अपेक्षेपेक्षा भिन्न आढळली' असं लिहितात. ही भाषा मला उत्तम यायची, हे आधीच कबूल केलेलं बरं.

शेवटची काही वर्षं आमच्या कंपनीनं एक नवीन काम धरलं होतं. जुना रस्ता खराब झाला की आपल्याकडं त्याच्यावर नवा थर टाकतात. काही वर्षांनी आणखी एक. रस्ता वर वर येत जातो, घराचे उंबरे खाली खाली जातात, आणि पावसाळ्यात पाणी न विचारता आत येऊन बसतं. आमची पद्धत उलटी होती. आमचं मशीन म्हणजे घराएवढं धूड, पोटाखाली पोलादी दात बसवलेला रूळ. ते जुना रस्ता उकरत, भरडत पुढं जायचं, त्यातच सिमेंट आणि पाणी कालवायचं आणि मागं ओलसर चुरा सोडायचं. तो रोलरनं दाबला, सात दिवस ओला ठेवला, आणि सात दिवस त्याच्यावर कुणालाही जाऊ दिलं नाही, की जुन्या रस्त्याचाच नवा पाया तयार. वरून डांबराचा पातळ थर. शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो ना आपण, तसंच. फक्त फोडणी सिमेंटची.

हे काम मी शिकले ते हिमालयात. तिकडच्या एका खोऱ्यात कंपनीला काम मिळालं होतं. खिंड बंद झाली की ते खोरं निम्मं वर्ष जगापासून तुटायचं. खडीचे ट्रक चढवायचे म्हणजे दिव्यच, म्हणून जो रस्ता आहे तोच दळून पुन्हा घालायचा. माझं वय पन्नाशीच्या पुढं, गुडघे माझ्याही पुढं गेलेले. पण लॅबचं दुसरं कुणी जायला तयार होईना. मशीन चालवायला इकबालभाई होते. सोलापुरातला हा माणूस मशीनशी दखनीत बोलायचा आणि माणसांशी शक्यतो बोलायचाच नाही.

तिकडं पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा माझ्यापुढं ठेवला. घरून आणलेल्या शेंगाचटणीतलं तेल थिजून तिची वीट झाली होती.

"मॅडम, ये चटणी नै रही. मशीन में डालके देखो, कित्ता दाब लेती."

मी सोलापुरात नमुने उन्हापासून वाचवायचे. इथं ते थंडीपासून वाचवायचे होते. सिमेंटला घट्ट व्हायला ऊब लागते. मी नमुने रजईत गुंडाळून माझ्या अंथरुणाशेजारी ठेवायचे. मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, आम्हाला इतकं कधी जपलं नाहीस." मी म्हटलं, तुमच्यावर ट्रक जाणार नव्हते.

तिथल्या रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांची मुकादम होती पाल्मो. माझ्याच वयाची, उन्हानं तांबडी झालेली, मोडकी हिंदी बोलणारी. माझी हिंदी दखनी, तिची पहाडी. आमचं छान जमायचं. बर्फ रस्त्याचं काय करतं ते मला पुस्तकातनं नाही, तिच्याकडनं कळलं. ती म्हणाली, "थंडीत खालचं पाणी गोठतं, रस्ता फुगून वर येतो. वसंतात वितळलं की खाली बसतो. वर गाडी असेल तर गाडीसकट बसतो." तिची सून बाळंतपणाला अशाच बसलेल्या रस्त्यावर अडकली होती. आठ बायकांनी तिला खाटेवर घालून चालत नेलं होतं. सून वाचली, एवढंच पाल्मोनं सांगितलं. बाळाचं मी विचारलं नाही.

काम संपत आलं होतं. एका दुपारी आमच्या मॅनेजरनं घाई केली आणि ऊन उतरल्यावरही मशीन चालू ठेवलं. वारा सुटला, सिमेंट गारठलं. सात दिवसांनी त्या तुकड्याचे नमुने मी फोडले तर राजगिऱ्याच्या लाडवासारखे भुगा झाले.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, खिंड बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत. इथं डोंगरात कोण बघायला येतंय?"

पाल्मो दारात उभी होती. तिला मराठी येत नव्हती, पण असल्या बोलण्याला भाषा लागत नाही. ती बघत होती फक्त. मी कागदावर 'नापास' लिहिलं. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण तुकडा पुन्हा उकरला. या वेळी सकाळच्या उन्हात काम केलं आणि तो गरम राहावा म्हणून बायकांनी गवताच्या पेंढ्या, जुन्या घोंगड्या आणून पसरल्या. तेवढ्यानं पुरेना. तेव्हा इकबालभाईंनी आमच्या सगळ्या माणसांच्या पिशव्यांतल्या सोलापुरी चादरी काढल्या आणि रस्त्यावर अंथरल्या. मोरांच्या, कमळांच्या, लाल-निळ्या. हिमालयातला तो रस्ता सात दिवस सोलापुरी चादर पांघरून झोपला होता. माझे वडील असते तर म्हणाले असते, रस्ता झाला म्हणून काय झालं, धुवायला टाकताना रंग सांभाळा.

पुढच्या उन्हाळ्यात पाल्मोचा निरोप आला: रस्ता बसला नाही. माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

आता सोलापूर.

तिकडच्या यशामुळं इकडच्या बांधकाम खात्यालाही हे तंत्र हवंसं झालं. अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून एक गाव आहे. नाव बदलून होसवाडी म्हणते. तिथला रस्ता आम्हाला मिळाला. खात्याचे उपअभियंता साहेब चांगले गृहस्थ होते. कुणाचं वाईट चिंतायचे नाहीत, चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांची एकच अडचण होती. छापलेल्या कागदावर त्यांची श्रद्धा होती. आमच्या कंपनीनं नमुन्यादाखल दिलेली हिमालयातल्या कामाची नियमावली त्यांनी समोर ठेवली, पहिल्या पानावरचं खोऱ्याचं नाव बदलून 'जिल्हा सोलापूर' केलं आणि बाकीची पानं जशीच्या तशी मंजुरीला पाठवली. वरच्यांनीही पहिलंच पान वाचलं असावं.

त्यामुळं माझ्याकडं जो तक्ता आला त्यात 'हिम हटवण्याची व्यवस्था', 'हिमकडा कोसळण्याची शक्यता' असे रकाने होते. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. मी सगळीकडं 'लागू नाही' लिहून तक्ता परत पाठवला. तो दोन दिवसांत माझ्याकडं परत आला. मी साहेबांकडं गेले.

"मॅडम, 'लागू नाही' असं लिहिता येत नाही. रकाना भरावा लागतो."

"साहेब, होसवाडीत हिमकडा कुठनं आणू?"

"शक्यता विचारलीय. 'अल्प' लिहा."

मी 'अल्प' लिहिलं. पण पुढची अट अल्पात भागणारी नव्हती. रस्त्याचे नमुने बारा वेळा गोठवायचे, बारा वेळा वितळवायचे, आणि प्रत्येक वेळी किती झिजले ते वजन करून लिहायचं. बर्फाळ मुलखात ही परीक्षा फार मोलाची. आमच्या पत्र्याच्या लॅबमध्ये बर्फ करायची एकच सोय होती, ती म्हणजे कल्पना.

शेवटी आमच्या गल्लीतल्या सिद्रामप्पा कुल्फीवाल्याला गाठलं. त्याचा मोठा डीप फ्रीजर होता. ओळख जुनी, त्यामुळं नाही म्हणता येईना. पण नमुने आत ठेवताना त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, गिऱ्हाइकानं विचारलं तर कुठला फ्लेवर सांगू?"

"सांग, सरकारी."

एक दिवस नमुने आंबा मलईच्या शेजारी गोठायचे, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये वितळायचे. वितळवायला कष्ट नव्हते. आठव्या फेरीला वीज गेली आणि चार तास आली नाही. सिद्रामप्पाची कुल्फी गेली, माझे नमुने मधेच वितळले. आता हे वितळणं मोजायचं की नाही? मी लेखी विचारणा केली. साहेबांचं लेखी उत्तर आलं: 'सदर वितळणे पूर्वनियोजित नसल्याने ग्राह्य धरू नये.' सिद्रामप्पाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माझं नुकसानबी ग्राह्य धरत न्हाईत व्हय?"

बारा फेऱ्या पार पडल्या. नमुने उत्तम टिकले. सोलापूरचा रस्ता बर्फात टिकेल याविषयी आता कुणाला शंका उरली नव्हती.

या दिवसांत होसवाडीला मी खड्डे घेऊन रस्त्याखालची माती तपासत होते. खाली काळी माती निघत होती, हात-दोन हात नव्हे, पार खोलवर. तिथं एक मेंढपाळ रोज येऊन बसायचा. मलकण्णा त्याचं नाव. साठीचा, अंगानं काटक, अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलायचा. मी मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायचे, तो बघायचा.

एकदा म्हणाला, "अक्का, मातीला नाव लिवताव व्हय? ती वळख देतीया की आपोआप."

"कशी?"

त्यानं मला रस्त्याच्या कडेला नेलं. शेताला भेगा पडल्या होत्या. "परवा हितं कोकरू आडकलं बगा. पाय मोडला. ही माती उनात तोंड उघडती आन पावसात फुगून बसती. आमच्या घराच्या भिंती हिनंच फोडल्या. वरनं तुमी कितीबी लिंपा, खालची निजत न्हाय."

त्यानं मला नवीन काही सांगितलं नव्हतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरचा रस्ता कितीही पक्का असला तरी फाटतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. तिच्यात आधी चुना मिसळला की ती बरीच शांत होते. पण हिमालयातल्या खोऱ्यात काळी माती नव्हती. त्यामुळं नियमावलीत काळी माती नव्हती. त्यामुळं खात्याच्या लेखी होसवाडीतही काळी माती नव्हती.

मी साहेबांना सांगितलं. चुना घालायला हवा, निदान पाण्याची आणि उन्हाची परीक्षा तरी घेऊ या.

"तक्त्यात रकाना आहे का?"

"नाही."

"मग मी ते मागू कशाच्या आधारावर? आणि मॅडम, तुमचा गोठवण्याचा अहवाल इतका सुंदर आलाय. त्यात आता माती कालवू नका."

वेशीपासून ओढ्यापर्यंतच्या पहिल्या तुकड्याचा अहवाल तयार होता. सगळे रकाने भरलेले, सगळे आकडे खरे. एकही आकडा मी खोटा लिहिला नव्हता, आणि तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटा होता. मी सही केली. दारात कुणी उभं नव्हतं. मशीन आलं, इकबालभाईंनी तुकडा सुरेख करून दिला. मलकण्णा बघायला आला, पायानं दाबून म्हणाला, "झ्याक झालंय की, अक्का." मला तिथं थांबवेना. उन्हाचं निमित्त करून मी गाडीत जाऊन बसले.

पुढच्या तुकड्याचा तक्ता भरायला घेतला तेव्हा एक रकाना मला नव्यानं दिसला: 'गोठणजन्य फुगवटा'. म्हणजे बर्फामुळं माती किती फुगते. मागच्या वेळी मी तिथं 'निरंक' लिहिलं होतं. या वेळी पेन थांबलं. माती फुगते किती, हेच तर विचारलंय.

काळ्या मातीची एक सोपी परीक्षा असते. दोन काचेच्या नळकांड्यांत सारखीच माती घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमधली माती तशीच बसून राहते, पाण्यातली चढत जाते. होसवाडीची माती तर दुसऱ्या दिवशी दूध उतू गेल्यासारखी वर आली. जो आकडा आला तो मी गोठणजन्य फुगवट्याच्या रकान्यात लिहिला आणि तक्ता पाठवून दिला.

पंधरवड्यात वरच्या कार्यालयातून पत्र आलं. विषय: सोलापूर जिल्ह्यात गोठणजन्य फुगवटा आढळल्याबाबत. पाहणीसाठी तिघांची समिती येत होती.

साहेब घाम पुसत लॅबमध्ये आले. "मॅडम, हे काय केलंत? ते येणार, बर्फ विचारणार. बर्फ कुठंय?"

"सिद्रामप्पाकडं आहे थोडा."

"थट्टा करू नका हो. माझी बढती आहे यंदा."

समिती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी आली. दोघं तरुण अधिकारी गाडीतून उतरले आणि पुन्हा गाडीत बसले. प्रमुख मात्र मुरलेले गृहस्थ होते. डोक्यावर रुमाल टाकून ते लॅबमध्ये आले, दोन्ही नळकांड्यांकडं बराच वेळ बघत राहिले.

"हा फुगवटा बर्फाचा नाही."

"नाही, साहेब."

"काळ्या मातीचा आहे."

"हो."

"मग इथं का लिहिलात?"

"दुसरीकडं जागा नव्हती."

मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू आवरून ते म्हणाले, "नियमावली दुरुस्त करायला घेतली तर माझ्या निवृत्तीनंतर निघेल. आहे त्यातच बसवू." आणि तिथंच टिपणी लिहिली: 'हिमप्रतिबंधक उपाययोजना म्हणून उर्वरित लांबीत खालच्या मातीस चुना लावण्यात यावा.' मी इतकी वर्षं रस्त्याच्या कामात काढली, पण चुना लावायचा लेखी आदेश त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

जाताना त्यांनी विचारलं, "पहिल्या तुकड्याचं काय? तिथली माती वेगळी आहे का?"

साहेब चटकन म्हणाले, "तो पूर्ण झालाय, सर. अहवाल उत्तम आहे. मॅडमनीच दिलाय."

प्रमुखांनी माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. साहेबांची बढती, आमच्या मालकांची नाराजी, माझी नऊ महिन्यांवर आलेली निवृत्ती, हे सगळं त्या एका वाक्याच्या आड उभं राहिलं. मी म्हटलं, "अहवालात सगळं आहे, साहेब." त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

पावसाळ्यात काम बंद होतं. पाऊस उघडला, ऊन तापायला लागलं, आणि पहिला तुकडा फाटला. आडवा नाही, उभा, रस्त्याच्या लांबीला समांतर. उभी भेग दुचाकीला फार वाईट. चाक एकदा आत गेलं की हँडल तुमचं ऐकत नाही. मेव्हण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून मलकण्णा बाजाराला निघाला होता. चाक भेगेत गेलं. मेव्हणा खरचटण्यावर सुटला, मलकण्णाचा उजवा हात कोपराखाली मोडला.

बातमी मला इकबालभाईंनी सांगितली. मी होसवाडीला गेले. मलकण्णा घराबाहेर बाजेवर बसला होता, हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. माझ्यासाठी त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला.

"मलकण्णा, त्या तुकड्याची परीक्षा मी घेतली होती. पास म्हणून सही माझी आहे."

"कसली परीक्षा?"

"बर्फाची."

बायकोला त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग तोही हसला. आणि हसता हसताच थांबून म्हणाला, "अक्का, मी सांगितलं हुतं की तुमास्नी."

"सांगितलं होतंस."

"तुमास्नी ठावं बी हुतं."

"होतं."

"मग लिवलं का न्हाय?"

याला उत्तर म्हणून मी रकान्याचं सांगू शकले असते. मी मान खाली घालून चहा प्यायले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. अहवालाच्या भाषेत सुरू केलं, दोन ओळींनंतर ते फाडलं आणि साध्या मराठीत लिहिलं: मी केलेली परीक्षा या मातीसाठी निरुपयोगी होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. रस्ता फाटला आहे, माणूस जखमी झाला आहे. तुकडा उकरून, खाली चुना घालून पुन्हा करावा. एक प्रत साहेबांना, एक समितीच्या प्रमुखांना.

मालकांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. "चार महिने राहिले होते तुमचे. गप्प निघून गेला असतात तर काय बिघडलं असतं?" असं म्हणाले. शेवटचे चार महिने मला लॅबमधून काढून गोदामाच्या नोंदीवर बसवलं. साहेब तर खरोखर दुखावले. "मॅडम, मी तुमच्या सहीवर विश्वास ठेवला," असं ते म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. खात्यानं माझ्याकडून खुलासा मागवला. त्यात प्रश्न होता: 'सदर बाब आपणास ज्ञात असताना आपण ती यापूर्वी का निदर्शनास आणली नाही?' मलकण्णानं हेच विचारलं होतं, चार शब्दांत. मी उत्तर लिहिलं: 'धीर झाला नाही.' या उत्तरासाठी त्यांच्याकडंही रकाना नसावा. पुढं काही आलं नाही.

पण समितीच्या प्रमुखांचा आदेश आला. मशीन पुढच्या तुकड्यावर होतंच. डिसेंबरात इकबालभाईंनी ते मागं वळवलं. मी रजा टाकून गेले. स्वतःच पास केलेला रस्ता उकरला जाताना उभं राहून बघणं ही गोष्ट मी कुणाला सुचवणार नाही. आणि बघितली नसती तरी मला चाललं नसतं. खालच्या मातीत चुना गेला. चार दिवसांनी त्यावर दळलेला रस्ता अंथरून दाबला. इकबालभाईंनी पाण्याचा टँकर फिरवला आणि दोन्ही टोकांना दगड लावून सात दिवस रस्ता बंद केला. लोकांनी शेतातल्या वाटेनं जायचं.

चौथ्या दिवशी वरून एक बडे अधिकारी हिमप्रतिबंधक रस्त्याची पाहणी करायला येणार असं कळलं. साहेबांनी दगड बाजूला घ्यायला सांगितले. इकबालभाई म्हणाले, "नको साब, कच्चा है." साहेब म्हणाले, एकच तर गाडी आहे. दगड बाजूला झाले. मी तिथंच होते, पण गोदामाच्या बाईचं कोण ऐकणार?

गाड्या आल्या तेव्हा दगडांच्या जागी शंभरेक मेंढ्या बसल्या होत्या. रस्त्यावर नव्हे, बरोबर रस्त्याच्या अलीकडं, आडव्या. त्यांच्यामागं मलकण्णा, प्लास्टरचा हात झोळीत, डाव्या हातात काठी.

साहेबांनी काच खाली केली. "ए, हाक त्यांना बाजूला."

"न्हाय हालत. दुपारची निजायची येळ हाय त्यांची."

"अरे, मोठे साहेब आलेत!"

"येऊ द्या की. चालत जावा. मानसाला मनाई न्हाय, गाडीला हाय."

हॉर्न वाजले. मेंढ्यांनी कान हलवले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले आणि बड्या अधिकाऱ्यांना सांगितलं, "साहेब, आज गाडी गेली तर आतून तडा जाईल. तो आज दिसणार नाही, पुढच्या वर्षी दिसेल. आणखी तीन दिवस." समितीपुढं जे वाक्य अडकलं होतं ते हे नव्हतं, पण त्याच्या घरातलंच होतं.

ते गृहस्थ गाडीतून उतरले. मग सगळ्यांनाच उतरावं लागलं. वेशीपासून ओढ्यापर्यंत सगळा लवाजमा ओल्या रस्त्याच्या कडेकडेनं बुटांना चिखल लावत चालला. मी इतक्या पाहण्या बघितल्या, पण रस्त्याची पाहणी पायी होताना तेव्हाच बघितली.

ओढ्यापाशी फोटो काढायचा ठरला. फोटोवाला मलकण्णाला म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाजूला. प्लास्टर दिसतंय." बडे साहेब म्हणाले, "राहू द्या त्यांना, गावचे आहेत." त्याला मधोमध उभं केलं. मी, इकबालभाई आणि मेंढ्या कडेला राहिलो.

गाड्या गेल्यावर इकबालभाईंनी दगड पुन्हा लावले, ते तिसऱ्या दिवशी हटले. रस्ता अजून चांगला आहे, दोन पावसाळे गेले. वर्तमानपत्रातलं ते कात्रण मलकण्णानं घरात चौकट करून लावलंय. मी गेले की दाखवतो. फोटोत एका बाजूला बडे साहेब, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब, मधे मलकण्णा, मोडका हात झोळीत घालून, ताठ उभा. खाली छापलंय: 'नव्या रस्त्याच्या लाभार्थ्यासमवेत अधिकारी.'